दूध सोसत नसेल तर

दूध म्हणजे अमृत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. दुधाने अंगाला बळ येते. हाडे पक्की होतात. ज्याच्या दारात दुभती म्हैस, त्याच्या घरात बरकत, असे आपण मानतो.

पण काही माणसांना दूध सोसत नाही. कोजागिरीला पेलाभर आटीव दूध घेतले, की तासा-दोन तासांत पोट फुगते. पोटात गुडगुड होते. कळ येते. वारा सरतो. कोणाला दोन-तीन वेळा परसाकडे जावे लागते. दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा धडधाकट होतो.

मग घरात बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते, "नजर लागली." कोणी म्हणते, "बाहेरचं काही असेल." अंगारा येतो, उतारा होतो. कोणी दर वेळी जुलाब थांबवायच्या गोळ्या गिळतो. कोणी लाजेने सांगतच नाही. तो पंगतीला जायचेच टाळतो. आणि कोणी दूध, दही, ताक, तूप, सारेच एकदम सोडून देतो.

यांतले काहीच करायला नको. ही नजर नाही, करणी नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा मोठा आजारही नाही. दुधातली एक साखर पोटात पचत नाही, एवढेच. ती साखर कोणत्या पदार्थात किती असते, हे कळले की काम सोपे होते. काही पदार्थ टाळायचे, काही बेताने खायचे, आणि बाकीचे खुशाल खायचे. हेच या पाठात शिकू.

असे का होते?

दूध जिभेला किंचित गोड लागते. कारण दुधात स्वतःची साखर असते. आपण वरून घालतो ती उसाची साखर वेगळी. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. आपण तिला दूधसाखर म्हणू. १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम दूधसाखर असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १० ग्रॅम.

ही साखर दोन लहान साखरा जोडून झालेली असते. ती अख्खी असली तर आतड्यातून रक्तात शिरत नाही. आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात. सुपारी जशी अडकित्त्याने फोडतात, तशी ही साखर फोडणारा एक पाचक रस लहान आतड्यात असतो. त्याचे नाव लॅक्टेज. हा आपल्या पोटातला अडकित्ता.

तान्ह्या बाळाचे सारे पोषण दुधावर. म्हणून बाळाच्या पोटात हा रस भरपूर असतो. मूल मोठे होते, भाकरी खाऊ लागते, तसा पुष्कळांच्या पोटातला हा रस कमी होत जातो. मग जास्त दूध प्यायले, की साखर न फुटता तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथे कोट्यवधी बारीक जंतू असतात. ते ही साखर आंबवतात. त्यातून वायू होतो आणि पोट फुगते. न पचलेली साखर पाणीही ओढून घेते. म्हणून जुलाब होतात.

हे किती जणांना होते?

तुम्ही एकटे नाही. जगातल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटातला हा रस कमी झालेला असतो. पण पूर्वी डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हते. १९६५ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या डॉक्टरांनी तपासणी करून दाखवले, की धडधाकट मोठ्या माणसांतही ही गोष्ट सर्रास आढळते.

आपल्या देशातही तपासणी झाली. १९८१ साली छापलेल्या एका अभ्यासात दिल्लीकडच्या आणि दक्षिणेकडच्या लोकांची तुलना केली होती. उत्तरेकडच्या दर १०० माणसांत सुमारे २७ जणांना दूधसाखर पचत नव्हती. दक्षिणेकडच्या दर १०० माणसांत सुमारे ६६ जणांना पचत नव्हती. आपला खानदेश या दोहोंच्या मध्ये आहे.

हा फरक का? ज्या लोकांनी हजारो वर्षे गुरे पाळली आणि दूध प्यायले, त्यांच्या वंशात मोठेपणीही हा रस टिकून राहिला. बाकीच्यांच्यात तो ओसरला. एकाच घरात थोरल्या भावाला तांब्याभर दूध पचते आणि धाकट्याला पेलाभर पचत नाही, असेही होते. त्यात कोणाचा दोष नाही.

आप्पा आणि गुरुजी

आता एक संवाद वाचा. आप्पा शेतकरी आहेत. ते साक्षरता वर्गात येतात.

आप्पा : गुरुजी, म्हशीचं दूध मला जड जातं. गाईचं घेतलं तर चालेल का?

गुरुजी : नाही आप्पा. गाय, म्हैस, शेळी, सगळ्यांच्या दुधात ही साखर असतेच. थोडा फार फरक असेल, पण सुटका नाही.

आप्पा : मग साय काढून प्यालो तर?

गुरुजी : साय म्हणजे मुख्यतः स्निग्धांश. तो काढला तरी साखर खाली दुधातच राहते.

आप्पा : चांगलं खळखळ उकळलं तर?

गुरुजी : उकळल्यानं रोगजंतू मरतात, म्हणून दूध उकळूनच घ्यावं. पण साखर जात नाही. उलट आटवलं तर पाणी उडतं आणि साखर दाट होते.

आप्पा : पण गुरुजी, दह्याचा मला काही त्रास नाही. असं कसं?

गुरुजी : बरं विचारलंत. विरजणातले जंतू दुधातली थोडी साखर खातात. तिचंच आम्ल होतं, म्हणून दही आंबट लागतं. शिवाय ते जंतू आपल्या पोटात गेल्यावरही साखर फोडायला मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही सोसतं.

आप्पा : आणि तूप?

गुरुजी : तुपात ही साखर जवळजवळ नसतेच. डाळ-बट्टीवर तूप घ्या की बिनघोर!

आप्पा : म्हणजे सगळं सोडायला नको तर!

गुरुजी : अजिबात नको. आपलं माप आपण ओळखायचं.

कोणते पदार्थ टाळावे?

पहिला गट जास्त साखरेचा. ज्यांना त्रास होतो त्यांनी हे पदार्थ टाळावे.

१. पेलाभर नुसते दूध, विशेषतः उपाशीपोटी. मसाला दूधही यातच आले.

२. आटवलेले दूध. बासुंदी, रबडी, कुल्फी.

३. खवा आणि खव्याची मिठाई. पेढा, बर्फी, कलाकंद, गुलाबजाम. म्हशीच्या सुमारे ५ लिटर दुधाचा १ किलोच्या आसपास खवा होतो. पाणी उडून जाते. ५ लिटरांतली साखर मात्र त्या एका किलोत येऊन बसते. तिचे वजन दोन-अडीचशे ग्रॅम भरते. पेढा दिसतो लहान, पण त्यात पुष्कळ दूध कोंडलेले असते.

४. दुधाची भुकटी. साध्या भुकटीत तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त दूधसाखर असते. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत तर जवळजवळ निम्मी.

५. दुधातली खीर, शेवयांची खीर, आइस्क्रीम.

६. खरवस. त्यात चिकाबरोबर दूधही मिसळतात.

दुसरा गट बेताने खाण्याचा. चहातले दोन-तीन चमचे दूध, वाटीभर दही, पेलाभर पातळ ताक, कढी, थोडे श्रीखंड. ताकात पाणी घातलेले असते, म्हणून पेल्यामागे साखर कमी येते. चक्का टांगून ठेवला, की पाण्याबरोबर बरीच साखर गळून जाते. पनीर करतानाही पाणी काढून टाकतात, म्हणून पनीरमध्येही साखर कमी उरते. पण हॉटेलातल्या पनीरच्या भाजीत साय, खवा किंवा भुकटी घातलेली असू शकते. तेव्हा विचारून घ्यावे.

तिसरा गट खुशाल खाण्याचा. यात तूप आले. आणि आपले रोजचे जेवण बहुतेक सारे आले. ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, ठेचा, वरण, शेवभाजी, वांग्याचे भरीत, बिबडे, पालेभाज्या, फळे, शेंगदाणे, अंडी, मासे, मटण. यांत दूध नसते. खानदेशचे साधे जेवण दूध न सोसणाऱ्याला अगदी सोयीचे आहे. घोळ होतो तो सणावारी आणि बाजारात.

सणावारी काय करावे?

आखाजीला आपल्याकडे पुरणपोळी आणि आमरस असतो. खापरावरचे मांडे असतात. आंब्यात दूधसाखर नाही, पुरणातही नाही. पण काही घरी आमरसात दूध घालतात. काही जण मांडे दुधात कुस्करून खातात. त्रास झाला, की बिचाऱ्या आंब्याला नाव ठेवतात! दूध न घातलेला रस वाटीत वेगळा काढून ठेवा. पोळीवर तूप घ्या. सण गोडच होईल.

केळ्याचेही तसेच. जळगावच्या केळ्याचे नाव देशभर आहे. नुसते केळे खुशाल खा. पण केळ्याचे शिकरण केले, की त्यात दूध आले. शिकरणाने पोट बिघडले तर केळ्यावर राग नको.

कानबाईच्या रोटांच्या दिवशी खीर वाढतात. कोजागिरीला दूध आटवतात. प्रसाद नाकारायला मन होत नाही. मग चमचाभर घ्या. एवढ्याशा दुधाने बहुतेकांना काही होत नाही.

पाहुणचाराचेही असेच आहे. व्याह्यांच्या घरी गेलात आणि त्यांनी पेलाभर दूध पुढे केले, तर लाजून पिऊ नका. सरळ सांगा, "व्याहीबुवा, मला दूध सोसत नाही. कोरा चहा द्या, नाहीतर ताक द्या." यात यजमानाचा अपमान नाही. आणि आपण यजमान असलो, तर कोणाला आग्रह करून दूध पाजू नये. "एवढ्यानं काय होतंय?" असे म्हणणाऱ्याला काही होत नाही. ज्याला होते, तो रात्रभर जागतो.

पाकिटातले छुपे दूध

बाजारातल्या पुष्कळ वस्तूंत दूध असते, पण ते डोळ्यांना दिसत नाही. बिस्किटे, टोस्ट, पाव, केक, चॉकलेट, पाकिटबंद सूप, मुलांना देण्याच्या शक्तीच्या पावडरी, यांतल्या कशात दूध असते, कशात नसते. ओळखायचे कसे? वाचून!

तुम्ही अक्षरे शिकलात, ती पोथीपुरती नाहीत. पाकिटावर आत काय घातले आहे, ते छापण्याचा कायदा आहे. जी वस्तू वजनाने सर्वांत जास्त, तिचे नाव सर्वांत आधी. जी कमी, ती पुढे. पदार्थात दूध असेल तर तसेही वेगळे छापावे लागते.

पाकिटावर बहुधा इंग्रजी असते. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि पुढचे शब्द शोधायला सांगा : मिल्क, मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, क्रीम, व्हे पावडर, लॅक्टोज. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणारे पाणी. त्याच्या पावडरीत दूधसाखर पुष्कळ असते. यांतला शब्द यादीत पहिल्या दोन-तीनांत आला, तर ती वस्तू टाळा. अगदी शेवटी आला, तर थोडी खाऊन पाहायला हरकत नाही.

येथे तीन गोष्टींत फसू नका. पहिली, लॅक्टिक अॅसिड हा शब्द लॅक्टोजसारखा दिसतो, पण ते आम्ल आहे, साखर नाही. दुसरी, पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच. त्यात दूध असू शकते. तिसरी, नारळाचे दूध आणि सोयाबीनचे दूध ही नावालाच दूध. त्यांत दूधसाखर नसते.

औषधाच्या काही गोळ्यांतही ही साखर भर म्हणून घालतात. ती फार थोडी असते. तेवढ्यासाठी रक्तदाबाची किंवा दुसरी कोणतीही चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.

आपले माप कसे ओळखावे?

एक वही घ्या. १४ दिवस पहिल्या गटातले सारे पदार्थ बंद करा. चहाही कोरा घ्या. दही, ताकही तेवढे दिवस थांबवा. रोज काय खाल्ले आणि त्रास झाला का, हे दोन ओळींत लिहा. असे :

सोमवार. कोरा चहा. भाकरी, भरीत. त्रास नाही.

१४ दिवसांत पोट शांत झाले, तर पंधराव्या दिवशी जेवणाबरोबर अर्धा कप दूध घ्या. वहीत लिहा. दोन-तीन दिवस ठीक गेले तर पाऊण कप. मग एक कप. जिथे पोट कुरकुरेल, त्याच्या खाली आपले माप. दूध न सोसणाऱ्यांतल्या पुष्कळांना जेवणाबरोबर एक कप दूध चालते. उपाशीपोटी तेच चालत नाही. दिवसाचे दूध एकदम घेण्यापेक्षा दोन-तीनदा थोडे थोडे घेतलेले बरे.

१४ दिवस दूध बंद करूनही त्रास तसाच राहिला, तर कारण दुसरे आहे. मग डॉक्टरांकडे जा आणि वही बरोबर न्या. ती वही पाहून डॉक्टरांना फार मदत होते. मोठ्या शहरातल्या काही दवाखान्यांत श्वास तपासूनही हा दोष ओळखता येतो. दूधसाखर आधीच फोडलेले दूधही आता शहरात मिळते. ते थोडे महाग पडते.

दूध कमी केले, मग हाडांचे काय?

हा प्रश्न मोठा आहे. दुधातून आपल्याला कॅल्शियम मिळते. हाडे आणि दात त्याचेच बनतात. मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध एकदम सोडले आणि त्याच्या जागी काहीच घेतले नाही, तर म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. बायांना हा धोका अधिक. साध्या पडण्याने मांडीचे हाड मोडले, की माणूस खाटेला खिळतो. म्हणून सारे सोडू नका, असे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

दूध कमी केलेत, तर पुढच्या गोष्टी वाढवा. नागली : १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२० असते. साक्रीच्या डोंगरपट्ट्यात आपले आदिवासी बांधव नागली पिकवतात. त्यांच्याकडून घ्या, भाकरी करा. तीळ : न सोललेल्या तिळात कॅल्शियम फार असते. तिळाची चटणी रोज चमचा-दोन चमचे खा. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, हरभऱ्याचा पाला खा. मासे खाणाऱ्यांनी बारीक मासे काट्यांसकट खावे. दही, ताक सोसत असेल तर मुळीच सोडू नका.

लहान मुलांविषयी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. घरातल्या आयाबायांना मोठ्याने वाचून दाखवा.

आईच्या दुधात गाईच्या दुधाहून जास्त दूधसाखर असते. पण बाळाच्या पोटात ती पचवणारा रस भरपूर असतो. म्हणून बाळाला जुलाब झाले, तरी अंगावरचे दूध तोडू नका. दूध तोडल्याने बाळ अशक्त होते, आणि त्याच्या जिवाला धोका होतो. आईने स्वतः दूध पिणे सोडले, तरी तिच्या दुधातली साखर कमी होत नाही. म्हणून तिला उगाच उपाशी ठेवू नका.

जोराच्या जुलाबानंतर मुलाच्या आतड्याची आतली बाजू सोलवटते. तेव्हा काही दिवस वरचे दूध पचत नाही. आतडे भरून आले, की बहुधा काही आठवड्यांत पुन्हा पचू लागते. तोवर वरचे दूध किती द्यावे, हे डॉक्टरांना विचारा. जुलाब सुरू होताच ओ.आर.एस.ची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून थोडी थोडी पाजा. पुडी आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

लगेच दवाखान्यात केव्हा जावे?

शौचात रक्त पडले, ताप आला, वजन उतरू लागले, किंवा रात्री झोपेतून उठून वारंवार शौचास जावे लागले, तर ते दूधसाखरेचे काम नव्हे. तपासणी करून घ्या.

दूध पिताच अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडू लागला, तर तो प्रकार निराळा. त्याला अॅलर्जी म्हणतात. तिथे माप वगैरे काही नाही. दुधाचा थेंबही चालत नाही. तूप, दहीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. श्वास कोंडला तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

लक्षात ठेवा

दूध वाईट नाही आणि तुम्हीही आजारी नाही. खवा, बासुंदी, भुकटी आणि पेलाभर दूध टाळा. दही-ताक बेताने घ्या. तूप-भाकरी खुशाल खा. पाकीट वाचून घ्या. दूध कमी केले तर नागली आणि तीळ वाढवा. बाळाचे अंगावरचे दूध कधी तोडू नका.

अभ्यास

१. तूप सोसते, पण बासुंदी सोसत नाही. असे का?

२. दुधापेक्षा दही पचायला सोपे का?

३. तुमच्या घरातल्या एका बिस्किटाच्या पुड्यावरची यादी वाचा, किंवा मुलांकडून वाचून घ्या. त्यात दुधाचे कोणते शब्द सापडले?

४. शेजारच्या घरात बाळाला जुलाब होत आहेत. घरची मंडळी अंगावरचे दूध बंद करायला निघाली आहेत. तुम्ही त्यांना काय सांगाल? चार ओळी लिहा.